फेसलिफ्ट : काप नक्की कुठे घेतात आणि व्रण किती दिसतात?

अबोली :
नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे पण इथे लोक मनमोकळं लिहितात म्हणून विचारते. मी ठाण्याची, वय ५७. शुगर वाढल्यावर मनावर घेतलं आणि बरंच वजन उतरवलं, गुडघे सुधारले, शुगर आटोक्यात आली, पण गालाची आणि गळ्याची कातडी पार लोंबायला लागली. फेसलिफ्ट करायचं जवळजवळ पक्कं आहे. खर्चाचा विचार झालाय, घरच्यांशी बोलून झालंय, करू की नको हा प्रश्नच नाहीये. माझं घोडं अडलंय ते कापांवर. मी कायम अंबाडा घालते आणि कुड्या-बुगड्यांची भारी हौस, म्हणजे कानाच्या पुढचं मागचं सगळं उघडंच असतं. एका डॉक्टरांनी सांगितलं काप केसांत लपतो, दुसऱ्यांनी सांगितलं केसांत नको, केसांच्या कडेने घेऊ, आणि तिसरीकडे म्हणे छोटा काप पुरतो, कानामागे जायलाच नको. तिघंही शिकलेले आणि तिघांचं तीन तऱ्हा. तर कापाची जागा ठरते कशी, आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर वर्षभराने ते दिसतं कसं, आणि बुगडी पुन्हा कधी घालता येते, एवढं कुणी अनुभवाने सांगेल का?

चहाबाज :
वाचतोय. जाणकार येतीलच.

मुळामुठा :
अबोलीताई, माझ्या मोठ्या जाऊबाईंनी केलंय, पुण्यात. त्यांच्या परवानगीने लिहितेय. पहिले आठ-दहा दिवस सूज आणि काळंनिळं, ते सगळ्यांनी आधी सांगितलेलं होतं त्यामुळे त्या तयारीत होत्या. पण टाके निघाल्यावर व्रण अगदी बारीक रेघेसारखा दिसला म्हणून सगळे खूश, आणि दुसऱ्या महिन्यात बघतो तर लालभडक आणि हाताला कडक लागणारा! त्या फार खचल्या होत्या तेव्हा, फसवलं गेलं असं वाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले हा काळ असाच असतो, थांबा. आणि खरंच पुढे हळूहळू निवळत गेला. आता कानापुढचा व्रण मला शोधून सापडत नाही. कानामागे उजवीकडे थोडा जाड राहिलाय, पण तो केस वर बांधून कुणी जवळ जाऊन बघितलं तरच.
अजून एक. कानाची पाळी त्यांना कितीतरी महिने बधिर होती. कुडीचं मळसूत्र पडलं तरी कळायचं नाही, एक मोत्याची कुडी अशीच लग्नात हरवली.

गोदातीर :
ताई राग मानू नका पण या वयात कशाला हे? वजन उतरवलंत, शुगर आटोक्यात आणलीत, खरं कौतुक त्याचं आहे. चांगल्या शरीराला सुरी लावून घ्यायची आणि वर भुलेचा धोका. माझ्या आईच्या चेहऱ्यावर जाळं होतं सुरकुत्यांचं आणि आम्हाला ती तशीच आवडायची.

अबोली :
गोदातीर, राग नाही. तुमची आई सुंदरच असणार. पण मला सुरकुत्या घालवायच्याच नाहीयेत, डोळ्यांभोवतीच्या तशाच राहू देत. गळ्याखाली जी कातडी लोंबते तिच्या घड्यांत उन्हाळ्यात पुरळ येतं, आणि रोज कुणीतरी विचारतं, आजारी होतात का? मी आयुष्यात सगळ्यात ठणठणीत आत्ता आहे आणि चेहरा बरोबर उलटं सांगतोय, त्याचा त्रास होतो.

ओटी_सिस्टर :
मी प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत खूप वर्षं काढली, आता निवृत्त. काप कसा जातो ते सांगते, म्हणजे तिन्ही डॉक्टर काय म्हणाले ते कळेल.

खुणा भूल द्यायच्या आधी करतात, पेशंटला बसवून. आडवं झालं की गाल कानाकडे सरकतात आणि खरी लोंबण दिसत नाही. जांभळ्या शाईने रेघ काढतात, केसांच्या बारीक बटा करून रबरबँड लावतात, टक्कल वगैरे करत नाहीत, ही भीती पुष्कळ बायकांना असते. पूर्ण काप असेल तर रेघ कानशिलापासून निघते, कल्ल्याजवळून खाली येते, मग कानाच्या पुढे. इथे दोन वाटा असतात. कानाच्या भोकापुढे जो कूर्चेचा उंचवटा असतो, ट्रॅगस, त्याच्या पुढच्या घडीतून जायचं किंवा त्याच्या आतल्या कडेने. मग पाळीच्या खालून वळून कानामागच्या खाचेतून वर, आणि कान जिथे डोक्याला टेकलेला असतो त्या उंचीवर आडवं होऊन मागच्या केसांकडे. छोट्या कापात पाळीपाशी किंवा थोडं मागे गेल्यावर थांबतात.

पाळीपाशी मात्र बघण्यासारखं असतं. चांगले सर्जन तिथे सगळ्यात जास्त वेळ घालवतात. पाळीवर कणभर ताण राहिला तर काही महिन्यांत ती खाली ओढली जाते आणि गालाला चिकटल्यासारखी दिसते, पाळीची गोलाई जाते. तुमच्यासारख्या कुड्या घालणारीला ते लगेच जाणवेल. जुन्या पेशंटचे फोटो बघाल तेव्हा आधी पाळ्या बघा.

भिकबाळी :
सिस्टर, पुरुषांचं काय? म्हणजे मी करणार नाहीये, पण कुतूहल.

ओटी_सिस्टर :
पुरुषांना शक्यतो ट्रॅगसच्या पुढच्या घडीतूनच. आतून घेतला तर गालाची दाढीवाली कातडी सरकून कानाच्या भोकाशी येते, मग कानावर रोज दाढी करा! कान आणि दाढी यांच्यामध्ये बिनकेसांची पट्टी असते ती राखावी लागते. आणि पुरुषांत आत रक्त साकळण्याचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त, दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून बीपीवर फार लक्ष ठेवतात.

भिकबाळी :
कानावर दाढी हे वाचून मी भिकबाळीच काढून ठेवली आहे.

शल्यविशारद :
मी याच शाखेत शिकतो आहे. नेटवर कुणाला सल्ला देत नाही, आणि ताई तुमची कातडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्यासाठी काय योग्य ते तुमचे सर्जनच सांगणार. पण तिघांनी तीन गोष्टी का सांगितल्या त्याचं कारण सांगतो, कारण तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

कानशिलाजवळ काप केसांच्या आत घेतला की व्रण झाकला जातो हे खरं. पण कातडी वर-मागे ओढली की तिच्याबरोबर केसही ओढले जातात. कल्ला वर चढतो, डोळ्याच्या कोपऱ्यापासून केसांपर्यंतचं उघडं अंतर वाढतं. ज्यांची सैल कातडी थोडी आहे त्यांना हे चालून जातं. वजन उतरवलेल्यांत कातडी पुष्कळ सरकते, मग केस नको तिथे जातात आणि ते नंतर दुरुस्त करणं अवघड. म्हणून केसांच्या कडेने काप. तो तिरका घेतात, म्हणजे केसांची मुळं खाली शिल्लक राहतात आणि पुढे केस व्रणातूनच उगवतात. व्यवस्थित झाला तर काही महिन्यांनी कडेला बारीक केस फुटून रेघ मोडून जाते. पण आपले केस काळे आणि व्रण पिकल्यावर फिकट, त्यामुळे जर व्रण रुंदावला तर आपल्याकडे तो गोऱ्या-सोनेरी केसांच्या लोकांपेक्षा जास्त उठून दिसतो, हेही खरं.

मानेमागेही तेच. काप सरळ केसांत घुसवला आणि कातडी बरीच काढली तर केसांच्या रेषेला पायरी पडते, वरची रेषा एकीकडे, खालची दुसरीकडे. मोकळे केस सोडणाऱ्याला कळतही नाही, अंबाडा घालणाऱ्याला रोज दिसतं. उलट केसांच्या कडेने फार खाली आणला तर तो व्रणच अंबाड्याखाली उघडा पडतो. बरेच सर्जन थोडं अंतर कडेने जाऊन मग केसांत वळतात. ताई, तुम्ही अंबाडा घालता हे तिघांनाही सांगितलंत का? नसेल तर पुढच्या वेळी अंबाडा घालूनच जा आणि तसाच रेघ काढायला सांगा.

छोट्या कापाबद्दल : गाल थोडे उतरलेत, गळा ठीक आहे अशांना तो उत्तम. पण गळ्याची कातडी भरपूर असेल तर ती जाणार कुठे? कानामागची वाट बंद ठेवली की ती पाळीच्या मागे गोळा होते, चुण्या पडतात. व्रण आखूड झाला म्हणजे चांगला झाला असं नाही.

पाणपोई :
अतिशय उपयुक्त. मग थ्रेड लिफ्टची एवढी जाहिरात असते, काप नाही टाके नाही, ते का नको?

शल्यविशारद :
धाग्याने कातडी ओढता येते, काढता येत नाही. जास्तीची कातडी आहे तिथे धागे ओढून काय होणार? शिवाय बहुतेक धागे विरघळणारे असतात, परिणाम फार टिकत नाही.

चहाबाज :
धाग्यावर धाग्याची चर्चा. चालू द्या, माफी.

न्यूजर्सीकर :
माझा अनुभव फेसलिफ्टचा नाही पण काप तोच आहे म्हणून लिहितो. माझ्या कानाखालच्या लाळग्रंथीत, पॅरोटिडमध्ये, गाठ निघाली. साधी होती, कॅन्सरची नव्हती, या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात असं तेव्हा कळलं. पूर्वी या ऑपरेशनला काप कानापुढून खाली मानेवर आणायचे, जबड्याखाली समोरून दिसेल असा. माझ्या सर्जनबाईंनी विचारलं की फेसलिफ्टसारखा कानामागून केसांत नेऊ का, वेळ थोडा जास्त लागेल. मी म्हटलं न्या. आज समोरून काहीही दिसत नाही. न्हावी सोडला तर कुणालाही माहीत नाही. त्याने मान मोकळी करताना विचारलं होतं, काका इथे काय झालं, तेव्हा मला कळलं की मागे केसांत एक पांढरी रेघ आहे आणि तिथे केस उगवत नाहीत.
पाळी अजूनही अर्धी बधिर आहे. थंडीत बाहेर पडलो की एका कानाला थंडी लागते, दुसऱ्याला नाही. आणि लोणचं खाल्लं की कानापुढे घाम येतो, पण तो ग्रंथीच्या ऑपरेशनचा प्रकार, ताईंनी त्याची काळजी करू नये.

मुळामुठा :
बधिर पाळीबद्दल पूर्ण सहमत. जाऊबाईंना हेअर ड्रायर लावायला डॉक्टरांनी चक्क मनाई केली होती, भाजलं तरी कळणार नाही म्हणून.

शल्यविशारद :
हो, पाळीला संवेदना देणारी नस मानेच्या स्नायूवरून वर येते, फेसलिफ्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा दुखावली जाणारी नस तीच. पण नसेला धक्का लागला नसला तरी काही आठवडे-महिने बधिरपणा असतोच, कारण कातडी उचलताना तिचे बारीक तंतू तुटतात. बहुतेकांची संवेदना परत येते, आधी मुंग्या येतात, मधूनच चमक मारते.

सांजवेळ :
मला विचारायचं होतं ते कीलॉइडबद्दल. माझ्या मुलीचा कान वरच्या बाजूला टोचला आणि तिथे बोराएवढी गाठ आली, काढली तर परत आली, दुसऱ्यांदा काढून इंजेक्शनं घेतली तेव्हा थांबली. आपल्या लोकांत हे खूप दिसतं. मग कानाभोवती एवढा मोठा काप घेतला तर काय होईल या विचारानेच अंगावर काटा येतो.

शल्यविशारद :
योग्य शंका. कीलॉइड म्हणजे व्रण मूळ जखमेची हद्द सोडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरतो. सावळ्या कातडीत त्याचं प्रमाण जास्त, आणि कान, खांदा, छातीचा मध्य या त्याच्या नेहमीच्या जागा. हद्दीत राहून नुसता जाड, लाल, खाजरा होतो तो वेगळा, त्याला हायपरट्रॉफिक म्हणतात आणि तो पुष्कळदा काळाने बसतो. जाऊबाईंचा कानामागचा जाड व्रण बहुधा तसा. ज्याला स्वतःला किंवा आईवडील-भावंडांना कीलॉइड झालंय त्याने ते आधी सांगायलाच हवं, काही वेळा सर्जन ऑपरेशनच नको म्हणतील. टोचलेल्या कानांना आणि जुन्या टाक्यांना काय झालं होतं ते बघितलं की बराच अंदाज येतो.

अबोली :
माझे कान पाचवीत टोचले, बुगडीचं भोक लग्नाआधी. दोन्ही छान. पोटावर सिझेरियनचा व्रण आहे तोही पांढरी रेघ झालाय. बरं वाटलं हे वाचून.

कोकणकडा :
थोडं अवांतर, पण कान-नाक-काप म्हटल्यावर राहवत नाही. फाटलेली पाळी जोडायच्या १५ पद्धती सुश्रुतसंहितेत दिल्या आहेत. आणि पुण्याची गोष्ट तर जगप्रसिद्ध. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक केलं. आधी मेणाचं नाक करून ते चेहऱ्यावर बसवून बघितलं, मग सपाट करून कपाळावर ठेवलं आणि त्याच्याभोवती काप घेतला. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासह छापून आलं. तिथून वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, कार्प्यू नावाच्या सर्जनने लंडनमध्ये तेच ऑपरेशन केलं. त्या चित्रात कावसजीच्या कपाळावरचा व्रण स्पष्ट काढलाय. त्या कारागिराचं नाव मात्र त्या मजकुरात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पाणपोई :
पुणेकर म्हणून अभिमान वाटला. धाग्याचा विषय पुढे नेते : व्रण चांगला व्हावा म्हणून स्वतः काय करता येतं? कांद्याच्या अर्काची मलमं, व्हिटॅमिन ई, खोबरेल, प्रत्येक जण वेगळं सांगतं.

ओटी_सिस्टर :
निम्मं काम ऑपरेशनच्या टेबलावरच झालेलं असतं. ताण आतल्या थरावर घ्यायचा आणि कातडी नुसती अलगद ठेवून शिवायची, हे मुख्य. ब्लाउजची बाही ताणून शिवली की शिलाईच उसवायला बघते, तसंच आहे हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिन-पॅरिसमध्ये नुसती कानापुढची कातडी कापून शिवायचे, ते टिकायचं नाही आणि व्रणही रुंद व्हायचे. कातडीखालच्या त्या थराचं, स्मासचं, नीट वर्णन १९७६ मध्ये पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी केलं, आणि आज ओढायचं ते त्यालाच. तेव्हा सर्जनना हे जरूर विचारा की तुम्ही स्मासवर काय करता.

घरी करायचं ते असं. पुढचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत निघतात, मागचे आणि केसांतले थोडे उशिरा. खपली ओढायची नाही, बोटं जातातच तिकडे, पण नाही. जखम पूर्ण बंद झाली की सिलिकॉन जेल किंवा पट्टी, दोन-तीन महिने नेमाने, याला चांगला आधार आहे. व्हिटॅमिन ईने कित्येकांना उलट खाज आणि पुरळ येतं, मी नाही सांगणार. ऊन टाळायचं, सनस्क्रीन आणि स्कार्फ, कारण आपल्या कातडीवर ताजा व्रण उन्हात काळा पडतो आणि तो काळेपणा जाता जात नाही. कलप, मेंदी डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. ऑपरेशनच्या आधीच केस रंगवून घ्या.

आणि तंबाखू. सिगरेट आपल्या बायका कमी ओढतात म्हणून डॉक्टर विचारत नाहीत आणि या सांगत नाहीत, पण मिश्री? निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. कानामागची कातडी रक्तपुरवठ्याच्या टोकाला असते, ती काळी पडून मरते, मग तिथे टाक्याची रेघ राहत नाही, रुंद चट्टा राहतो. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत हे बारापटीहून जास्त आढळलं होतं. मी स्वतः ओटीत मिश्रीवाल्या बाईंचं असं झालेलं पाहिलंय, आधी कुणीच विचारलं नव्हतं. फार हळहळले होते मी. मिश्री, गुटखा, पान, काहीही असेल तर डॉक्टरांना सांगा आणि ते म्हणतील तितके आठवडे आधीपासून बंद.

गोदातीर :
अबोलीताई, मी वरती जरा अगोचरपणे बोललो असं वाटत असेल, पण काळजीपोटीच होतं. अजूनही मला वाटतं करू नये, पण करणारच असाल तर शुगर किती आहे ते बघून करा. माझ्या पायाची जखम शुगर जास्त असताना महिनोन् महिने चिघळली होती.

शल्यविशारद :
हे अगदी महत्त्वाचं. तीन महिन्यांची सरासरी शुगर नीट आटोक्यात असल्याशिवाय कुणी हात लावू नये. वजनही स्थिर झालेलं असावं, पुढे अजून दहा किलो उतरवायचे असतील तर आधी ते.
आणि सगळ्यांसाठी : व्रण पिकायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो सगळ्यात वाईट दिसतो कारण तेव्हा आत नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, भराभर तयार होत असतं. नंतर त्याची फेरमांडणी होते, लाली उतरते, मऊ पडतो. जोर मात्र मूळ कातडीइतका कधीच येत नाही, फार तर ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणून चौथ्या महिन्यात घाईने व्रण दुरुस्त करा म्हणून मागे लागू नका.

न्यूजर्सीकर :
अनुमोदन. माझी बायको पहिल्या वर्षी रोज टॉर्च मारून बघायची. मग कधीतरी बघायची थांबली.

अबोली :
सगळ्यांचे मनापासून आभार, गोदातीर तुमचेही. आज अंबाडा घालून, दोन आरसे लावून स्वतःचा कान मागून बघितला, इतक्या वर्षांत कधी बघितला नव्हता. माझी मागची केसांची रेषा बरीच वर आहे आणि तिथे लव फार विरळ आहे, म्हणजे कडेने काप खाली आणला तर तो दिसणारच. कल्ले मात्र आधीच बारीक आहेत, ते अजून वर गेलेले मला चालणार नाहीत. म्हणजे पुढे केसांच्या कडेने आणि मागे लवकर केसांत वळवून, असं काहीतरी मला जमेल असं वाटतंय. छोट्या कापाचा विचार सोडला. दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा वेळ घेतली आहे. बुगडीचं कुणी सांगितलं नाही!

ओटी_सिस्टर :
बुगडीचं भोक वरच्या कडेला, कापाच्या वाटेत नाही, त्यामुळे भोक राहील. पण सूज पूर्ण उतरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत कानात काहीच नको, आणि झोपताना तर नकोच, बधिर कानावर दाब पडलेला कळत नाही. सुरुवात हलक्या रिंगांनी करा. जड झुमके सगळ्यात शेवटी, नवीन बसवलेली पाळी ती. भुलेच्या वेळी सगळं काढायचंच असतं, बुगडीचं मळसूत्र घट्ट बसलं असेल तर आधीच सोनाराकडे जाऊन सैल करून घ्या, ओटीच्या दारात पक्कड शोधत बसलेलो आहोत आम्ही.

शल्यविशारद :
ताई, दोन गोष्टी विचारून या. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी त्यांच्याकडे आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत बघता येतं. आणि त्यांच्या स्वतःच्या पेशंटचे निदान वर्षानंतरचे, केस वर बांधलेले, कानामागचेही फोटो. समोरून हसरे फोटो सगळेच दाखवतात.

अबोली :
लिहून घेतलं. मंगळवारी जातेय, अजून काही सुचलं तर सोमवार रात्रीपर्यंत लिहा.